तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा भेट होणार, तर रडता कशाला?

आम्हा ख्रिस्ती लोकांकडच्या मौतीला शेजारपाजारचे येतात. पाळकसाहेबांचा संदेश ऐकतात, 'प्रभूमध्ये निजले', 'पुन्हा भेटू' हे कानावर पडतं, आणि मग काही दिवसांनी कुणीतरी हळूच विचारतं, "तुमच्यात परत भेट होते ना, मग एवढं रडता कशाला?" टोमणा नसतो, खरंच कोडं पडलेलं असतं.

रडू नका, असं आम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. बायबलमधलंच बघा: बेथानी गावात येशूचा मित्र लाजर याला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते; आता दुर्गंधी येत असेल म्हणून त्याची बहीण मार्था कबरेच्या तोंडावरची धोंड काढायला कचरत होती. आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार आहोत हे येशूला ठाऊक होतं. तरी तो रडला. येशूचा प्रेषित पौल यानेही थेस्सलनीकाच्या ख्रिस्ती मंडळीला एवढंच लिहिलं, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. मरणाला तर तो सरळ शत्रू म्हणतो, शेवटचा शत्रू. म्हणून 'सुटले बिचारे' हे आमच्याही मौतीत ऐकू येतं तेव्हा मला खटकतं.

आमची आशा नुसता आत्मा वर जाण्याची नाही. शरीर उठेल, अशी आहे, आणि तीही एका रिकाम्या कबरेच्या भरवशावर. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, असं पौलानेच लिहून ठेवलंय. पळवाट ठेवलेली नाही त्याने.

आईला मूठमाती देताना पेटीच्या झाकणावर ढेकळं वाजली आणि गाणं म्हणता म्हणता भावाचा आवाज फुटला. नाक पुसत, बेसूर, पण शेवटच्या कडव्यापर्यंत तो गातच राहिला. आमच्यात हे दोन्ही असं एकदमच चालतं.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. उरलेली एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्यानंतरही केडगावात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम बाईंनी सोडलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये स्वतः जाईपर्यंत त्या त्यातच होत्या. या बाईला कुणी भाबडी म्हणून दाखवावं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला: शरीर उठणार, मग जाळलं तर? रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. मातीतून उठवणाऱ्याला राख कशी अडवेल? कबरस्तानात जागा कमी पडू लागल्यापासून आमच्या मंडळीत हा विषय अधूनमधून निघतो, आणि टिळकांचं नाव काढलं तरी म्हातारी माणसं अजून बिथरतात.