सोळाव्या आठवड्याची नोंद : वजन जवळपास तेवढेच, घेर मात्र उतरला

व्यायाम आणि आहारातील बदल सुरू करून सोळा आठवडे पूर्ण झाले. वजन ६८.४ किलोवरून ६६.९ वर आले आहे, म्हणजे अवघा दीड किलोचा फरक. परंतु कमरेचा घेर ९३ सेंटिमीटरवरून ८७.५ वर आला आणि ज्या गॉब्लेट स्क्वॉटला (छातीशी वजन धरून मारायच्या बैठकांना) सुरुवातीस १० किलोचे डंबेल जड जात होते, तेथे आता २० किलोने बारा-बाराचे तीन सेट होतात.

माझी उंची १६८ सेंटिमीटर असल्याने आरंभी बीएमआय (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २४.२ होता. निरोगी वजनासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या २५ च्या मर्यादेत तो बसतो, भारतीयांसाठीच्या २३ च्या मर्यादेत बसत नाही. हा भेद का करावा लागतो, हे मला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि मॅरेथॉन धावणारे ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्या, २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या छायाचित्रामुळे उमगले. दोघांचाही बीएमआय २२.३, मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. बारीक हातापायांच्या आणि सुटलेल्या पोटाच्या आपल्या बांध्याचे इतके नेमके चित्र मी दुसरे पाहिलेले नाही.

म्हणून माझा भरवसा इंचटेपवर आहे. सुरुवातीचे काही दिवस मी पँटच्या पट्ट्याच्या जागी टेप लावत होतो. त्या नोंदी मी खोडून टाकल्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटाने चाचपून त्यांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी धरायची, पोट आत न ओढता सहज श्वास सोडायचा आणि तेव्हा आकडा वाचायचा. मी तीनदा मोजून सरासरी लिहितो. पुरुषांसाठीच्या ९० सेंटिमीटरच्या मर्यादेखाली मी बाराव्या आठवड्यात आलो. उंचीच्या निम्मा, म्हणजे ८४, हा टप्पा अजून दूर आहे.

मेदाची टक्केवारी दाखवणारा वजनकाटा घरी आहे, पण तो पायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून शरीरातील पाण्यावरून अंदाज बांधतो. एका सकाळी अंघोळीपूर्वी त्याने २७.८ टक्के दाखवले आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर २६.१. अर्ध्या तासात एवढा मेद जाणे शक्य नाही, तेव्हा त्याचा रोजचा आकडा मी मनावर घेत नाही. दर रविवारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी घेतलेला आकडा केवळ महिन्याचा कल पाहण्यासाठी लिहून ठेवतो.

आहारात सर्वांत मोठी चूक वरणाच्या बाबतीत सापडली. स्वयंपाकघरातील काट्यावर मोजले, तेव्हा माझ्या वाटीभर पातळ वरणात जेमतेम २५ ग्रॅम कोरडी तूरडाळ निघाली, म्हणजे साडेपाच ग्रॅम प्रथिने. दोन वेळच्या वरणावर माझी प्रथिनांची गरज भागते, असे मी वर्षानुवर्षे धरून चाललो होतो! आता सकाळी दोन अंडी, दुपारी मटकीची घट्ट उसळ आणि घरचे दही, रात्री १०० ग्रॅम पनीर किंवा मासे, अशी मांडणी करून मी दिवसाला नव्वद ग्रॅमच्या आसपास पोहोचतो. भाकरी सोडलेली नाही, फक्त तिसरी घेत नाही.

व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, शिवाय रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटे चालणे. पुलअप (आडव्या बारला लटकून हनुवटी बारच्या वर नेणे) अजून एकही पूर्ण होत नाही; पुढील चार आठवडे बारवरून सावकाश खाली उतरण्याचा सराव करणार आहे.