फोर्झा होरायझन ४ चा डेमो

आज ऑफिसमधून आल्या आल्या एक्सबॉक्सवर फोर्झा होरायझन ४ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचा डेमो खेळायला बसले, ते थेट आई जेवायला हाका मारेपर्यंत! या वेळी गेम ब्रिटनमध्ये घडतो. सुरुवातीलाच हातात मॅक्लारेन सेन्ना ही सुपरकार, रस्ता ओला, दोन्हीकडे पिवळी-तांबडी झाडं. पुढच्या काही मिनिटांत चारही ऋतू दाखवतात, आणि हा नुसता रंगांचा बदल नाही. पावसाळी रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागची चाकं सुटतात, मग स्टिअरिंग उलटं फिरवून गाडी सावरायची. ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी मदत) बंद करून बघाच, खरी मजा त्यात आहे. बर्फात तर ब्रेक कुठे मारायचा याचा सगळा हिशोबच बदलतो.

ट्रॅफिक आपल्यासारखंच डावीकडून, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला चुकवताना हात आपोआप बरोबर वळतो. गावाकडच्या अरुंद रस्त्यांना दगडी बांध आहेत, शेतात घुसलं की मेंढ्या सैरावैरा पळतात. किती प्रेमाने केलंय हे सगळं! निवेदनाची बडबड मात्र मला जास्त वाटली.

एक्सबॉक्स वन एक्सवाल्यांनी सेटिंगमधला परफॉर्मन्स मोड लावा. रिझोल्यूशन (चित्राची स्पष्टता) फोर-केवरून १०८०पी वर येतं, पण सेकंदाला ६० फ्रेम्समुळे वळणं कितीतरी सहज जमतात. मला तरी तेच हवं.

पूर्ण गेम २ ऑक्टोबर २०१८ ला येतोय, सुट्टीच आहे. कोण कोण ऑनलाइन असणार?