भिंत पाडली अन् बोलणंच बंद झालं

आमचं ऑफिस म्हणजे आर्वीकडच्या एका गावातलं आजोबांचं मातीचं घर, वर कवेलू, समोर छपरी. सात जण आहोत, संत्र्याच्या पेट्या, तूरडाळीची पाकिटं, त्याची डिझाइनं अन् व्हिडिओ असलं काम. पुण्याहून परत आलो तेव्हा ओपन ऑफिसचं भूत डोक्यात होतं, म्हणून माजघर अन् समोरची खोली यांच्यामधली भिंत पाडली, लांबच लांब टेबल टाकला, पिवळा रंग मारला, फोटो टाकले, लोकं म्हणे भारी.

पंधरा दिवसांनी आई चहा घेऊन आली अन् दारातच थांबली. "काहून रे, भांडले का तुमी? कोनीच बोलून नाई रायलं."

खरंच की! सगळे कानात हेडफोन कोंबून बाजूच्यालाच व्हॉट्सअ‍ॅप करून राहिले होते. मग शोधलं तर हार्वर्डच्या बर्नस्टीन अन् टर्बन यांचा २०१८ चा अभ्यास सापडला, दोन मोठ्या कंपन्यांत लोकांच्या गळ्यात सेन्सर अडकवून मोजलेलं, पार्टिशनं काढल्यावर समोरासमोरचं बोलणं जवळपास ७० टक्के घटलं अन् ईमेल वाढले. पंगतीत सगळे पाहून राहिले की दुसऱ्यांदा बुंदी मागायला जीव होत नाही, तसंच ते.

मार्चमध्ये ऊन तापलं तसे हळूहळू सगळे खुर्च्या ओढत छपरीत गेले, कारण कूलर एकच अन् माठही तिथंच. आमचा कूलर इतका घरघरतो की दोन हातांवरचं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही, त्यामुळं बोलणाऱ्याला लाज नाही अन् काम करणाऱ्याला त्रास नाही. तिथंच पाणी पिता पिता व्हिडिओ करणारी पोरगी लेबलवाल्याला म्हणाली, अरे पेट्या ट्रकमध्ये एकावर एक रचतात, वरचं नाव पाहते कोण, बाजूला टाक ना. तिच्या घरी संत्र्याचा बगीचा आहे. आम्ही तीन आठवडे पेटीचं झाकणच सजवत बसलो होतो!

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात बिल्डिंग २० नावाची लाकडी इमारत होती, १९४३ मध्ये युद्धाच्या घाईत रडारच्या कामासाठी बांधलेली, तात्पुरती म्हणून, पण पाडली थेट १९९८ मध्ये. उन्हाळ्यात तापायची, दिसायला काही खास नाही, पण कोणी भिंतीला भोक पाडून वायर ओढली तरी विचारणारं कोणी नव्हतं, ज्याला जसं पाहिजे तसं करून घ्या. अन् मी इथं मातीच्या घरात पिवळा रंग खराब होईल म्हणून खिळे ठोकायला बंदी घातली होती, काय म्हणावं आता. बंदी उठवली. भिंतीवर आता स्केचेस, बिलं, कोणाची तरी टोपी, सगळंच लटकलेलं असतं.

एकट्यानं डोकं लावून करायचं काम असलं की धान्याची जुनी खोली आहे, दार लावून घ्यायचं, कोणी आवाज द्यायचा नाही.

पाडलेली भिंत परत बांधायला पैसे नाहीत म्हणून तट्टे बांधून आडोसा केलाय. बाबा मात्र रोज दुपारी घाम पुसत एकदा ऐकवतातच, "भित पाडाले कोनं सांगतलं होतं तुले, घर थंड त तेच ठेवे ना."