साठीनंतरची तपासणी

आमच्या घरातल्या साठी ओलांडलेल्या बायका रक्तदाब आणि साखर वेळच्या वेळी तपासून घेतात, पण स्तनांचा विषय निघाला की ‘आता या वयात काय त्याचं’ म्हणून तो उडवून लावतात. वस्तुतः वय वाढते तसा स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढत जातो. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या केलेल्या दीर्घ अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमधील या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मॅमोग्राफीची (स्तनांच्या एक्स-रे तपासणीची) सोय नसलेल्या तालुक्यांच्या दृष्टीने मला हे फार मोलाचे वाटते.

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती अंगावर काढली जाते. पाळी थांबलेल्या स्त्रीने महिन्याची एक तारीख (अगदी पेन्शनची म्हटली तरी चालेल) ठरवून आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने काखेपर्यंत चाचपून पाहावे. स्तनाग्र नव्याने आत ओढले गेले, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली किंवा ब्लाउजला रक्ताचा डाग दिसला, तर घरगुती लेप लावत न बसता सरळ सर्जनकडे जावे, आणि तपासायला स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसे निःसंकोच सांगावे.