थिबा पॉइंटवरचा डबा
आज भाचीला घेऊन रत्नागिरीत थिबा पॉइंटवर गेले, जिओकॅशिंग करायला, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसवरून शोधायचा खेळ. डबा दादाने सकाळीच जांभ्याच्या गडग्यात लपवलेला, मोबाईलचा जीपीएस ५-६ मीटर इकडेतिकडे दाखवतो म्हणून शेवटी चिरे चाचपत बसलो (आधी काठीने ठोकून बघा हां, फुरसं, विषारी साप, असतं) आणि सापडला तेव्हा पोर काय किंचाळली! आतल्या वहीत तिने नाव, तारीख लिहिली.

हा खेळ २००० सालचा, पण अमुक जागी उभं राहूनच बघा हे सांगणं फार जुनं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टवर थॉमस वेस्टने १७७८ मध्ये गाईड लिहिलं, त्यात तळ्यांकाठच्या अशा जागा नेमून दिल्यात. मला ते आज पटलं, कारण डब्याजवळून दोन पावलं सरकलं की माडाआड भाट्याची खाडी अर्धी झाकते, आणि डब्यापाशीच उभं राहिलं की काजळी नदी थेट समुद्रात शिरताना दिसते.