घरून जेवून का नाही येत?

गेल्या महिन्यात ऑफिसमधल्या एकाला बढती मिळाली म्हणून आम्ही अकराजण जेवायला गेलो होतो. वेटर माझ्या खुर्चीशी वही घेऊन उभा होता, मी त्याला डाळीबद्दल विचारत होते, तेवढ्यात समोरून प्रश्न आला, ‘‘अगं, एवढी चौकशी करण्यापेक्षा तू घरूनच जेवून का नाही येत?’’ विचारणारी माझी चांगली मैत्रीण आहे, तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण नऊ वर्षांत हाच प्रश्न मला नणंदेने विचारलाय, मावसभावाने विचारलाय, शेजारच्या काकूंनी विचारलाय, आणि दरवेळी मी हसून विषय बदललाय. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदा नीट सांगते.

दूध-दही-तूप का सोडलं त्यात शिरत नाही. आमच्या गोठ्यातल्या रेडकाची गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकलीय, काहींनी दोन-तीनदा. ती पटली नसेल तर राहू दे. प्रश्न हॉटेलचा आहे, हॉटेलबद्दलच बोलू.

तुम्हाला वाटतं, पुण्यात शाकाहारी हॉटेलांना तोटा नाही, मग हिला अडचण कसली? अडचण तिथेच आहे. मांस-मासे नाहीत म्हटल्यावर पदार्थ भारी वाटायला हवा, म्हणून सगळी भिस्त पनीर, क्रीम, लोणी आणि चीजवर. मेनूकार्डावरचा हिरवा ठिपका दुधाबद्दल काहीच सांगत नाही, कारण आपल्याकडे दूध शाकाहारातच धरतात. २०२२ साली सरकारने वीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या पदार्थांसाठी वेगळे नियम केले, हिरव्या चौकोनात व्ही आणि त्यावर पान असं चिन्हही आलं, पण ते दुकानातल्या पाकिटावर. हॉटेलच्या कार्डावर मी ते आजवर पाहिलेलं नाही. दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना कोणत्या पदार्थात दूध आहे हे सांगणं आता बंधनकारक आहे. पण आपण वाढदिवसाला ज्या हॉटेलांत जातो त्यांची बहुधा एकच शाखा असते, आणि कार्डावर नावापुढे फक्त किंमत असते.

म्हणून विचारावं लागतं. आणि विचारूनही कळत नाही, याचं कारण मला फार उशिरा समजलं. पंजाबी जेवण देणाऱ्या बहुतेक हॉटेलांत सकाळीच ग्रेव्हीचे मोठे टोप लागतात. लाल म्हणजे टोमॅटोची, पिवळी म्हणजे कांद्याची, हिच्यात कधी दही असतं, आणि पांढरी म्हणजे काजू, मगज बी आणि बऱ्याचदा खवा किंवा क्रीम. संध्याकाळी गर्दीत आचारी भाजी पहिल्यापासून करत नाही. या टोपातून एक पळी, त्या टोपातून अर्धी, वरून फोडणी, की झाली भाजी. तुम्ही वेटरला विचारलंत, ‘‘यात दूध आहे का?’’ तर तो मनापासून ‘‘नाही’’ म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर कुणी दूध ओतलेलं नसतं. नानच्या कणकेत दही असतं हे त्याला ठाऊक नसतं. तंदुरी रोटी साधी मागितली तरी भट्टीवरच्या माणसाचा हात सवयीने बटरच्या ब्रशकडे जातो. डोशाचं तेच. मी तीनदा ‘तूप नको, लोणी नको’ सांगते, तरी तव्यावर ते पडतं, कारण चांगल्या गिऱ्हाइकाला कोरडा डोसा द्यायचा हा त्या माणसाला कमीपणा वाटतो.

‘वीगन’ हा शब्द मी टेबलावर वापरणं सोडून दिलंय. तो उच्चारला की वेटर म्हणतो, ‘‘जैन करून देऊ का?’’ मग कांदा-लसूण जातो आणि पनीर तसंच राहतं. आता मी एकेक नाव घेते: दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, चीज, क्रीम, खवा. एका मध्यम हॉटेलात कॅप्टनने खाली वाकून, आवाज बारीक करून मला सांगितलं होतं, ‘‘मॅडम, खरं सांगू का, फोडणीला तूप नसतंच, डालडा असतो.’’ त्याला ते सांगताना लाज वाटत होती. मी त्याचे मनापासून आभार मानले, आणि तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

मराठी जेवण असेल तर माझं काहीच अडत नाही, हेही सांगायला हवं. मिसळ, दही न घेता. पिठलं-भाकरी, खर्डा, भरलं वांगं, मटकीची उसळ, अळूचं फदफदं, कोथिंबीर वडी. कोकणी खानावळीत सोलकढी, तीही नारळाच्या दुधाची. आमच्या आजीच्या घरात रोजचं जेवण असंच होतं. तूप सणाला, तेही चमच्याने मोजून. पण समारंभाला कुणी पिठलं खायला जात नाही. समारंभ म्हटला की बटर, क्रीम आणि शेवटी बासुंदी, आणि मला बोलावणं समारंभाचंच असतं.

मग येतेच कशाला? एकदा मी तुमचं ऐकलं होतं. एका सहकाऱ्याच्या निरोपाच्या जेवणाला घरून पोळी-भाजी खाऊन गेले. मी काही घेणार नाही म्हटल्यावर वेटरने माझ्यासमोरची ताटली उचलली, चमचा-काटा उचलला, रुमालही नेला. समोर उरला पाण्याचा ग्लास. पुढचे दोन तास प्रत्येकजण मला विचारत होता, ‘‘काहीच नाही? थोडं तरी?’’ निरोप त्या माणसाचा होता आणि बोलणं माझ्या पोटाचं चाललं होतं. पंगतीत बसलेल्याचं पान उचललं की त्याला उठवल्यासारखंच असतं. मला तुमच्याबरोबर जेवायचं असतं. नुसतं बसायचं नसतं. काकडी आणि गाजराच्या चकत्या खाऊन मी बिलाचा सारखा वाटा दिलाय, अनेकदा, आणि त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. आज काढतेय, कारण ‘तुझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो’ हेही मी ऐकलंय.

हे सगळं बोलताना मी फार बरोबर वाटते. म्हणून आता ते सांगते, जे मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

नोव्हेंबर २०१९. बाबांची पंच्याहत्तरी. दादाने कर्वे रस्त्याच्या बाजूचं एक हॉटेल ठरवलं, कारण तिथली बासुंदी बाबांना आवडते. आम्ही चौदाजण होतो. आमच्या टेबलाला एक पोरगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, लातूर-नांदेडकडची बोली. मी त्याला माझी यादी सांगितली. त्याने लक्ष देऊन ऐकली, आत जाऊन आला आणि म्हणाला, ‘‘ताई, व्हेज कोल्हापुरी घ्या. दुधाचं काहीच नाही त्यात. मी विचारून आलोय.’’ मी घेतली. छान होती. अर्धी संपली तेव्हा कॅप्टन सगळ्यांची विचारपूस करत आला आणि मी सहज म्हटलं, क्रीम नसूनही किती छान झालीय. तो म्हणाला, ‘‘वरून नाही टाकलं मॅडम. पांढरी ग्रेव्ही असते थोडी, तेवढंच.’’

माझ्या हातात घास होता. तो मी ताटलीत ठेवला आणि उभी राहिले.

काय काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं, पण सगळं लिहवत नाही. फसवणूक हा शब्द वापरला. तुमच्या आईला कुणी न सांगता मटण वाढलं तर चालेल का, असंही विचारलं. आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची लहान मुलगी खायची थांबून माझ्याकडे बघत होती. मॅनेजर गल्ल्यावरून उठून आला, त्याने त्या पोराला हाक मारली आणि आमच्यासमोर, चौदा माणसांसमोर, विचारलं, ‘‘आत कुणाला विचारलंस?’’ पोरगा म्हणाला, ‘‘उस्तादला.’’ उस्तादला बाहेर कुणी बोलावलं नाही. मॅनेजर म्हणाला, ‘‘भाजीचे दोनशे ऐंशी याच्या पगारातून कापतो मॅडम, तुमच्या बिलात लावत नाही.’’ पोरगा डाव्या हातातल्या फडक्याने उजव्या हाताचा अंगठा पुसत होता. अंगठ्याला काही लागलेलं नव्हतं. तो पुसतच राहिला.

आणि मी म्हणाले, ‘‘ठीक आहे.’’

बाबांची बासुंदी आली होती. त्यांनी वाटी हाताने थोडी पुढे सरकवली आणि म्हणाले, ‘‘चला, उशीर झाला.’’ साडेनऊसुद्धा वाजले नव्हते. माझे बाबा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. हिशेबात पैसे कमी आले की पगारातून कापून जायचे, आणि त्या दिवशी ते घरी आले की बोलायचे नाहीत, हे मी लहानपणापासून पाहिलंय. त्या रात्रीही ते गाडीत काही बोलले नाहीत. सकाळी त्यांनी स्वतः माझ्यासाठी कोरा चहा टाकला, कप माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, ‘‘त्या पोराचं नाव काय होतं गं?’’

मला माहीत नव्हतं.

आठवड्याने मी त्या हॉटेलात गेले, दोनशे ऐंशी रुपये पाकिटात वेगळे ठेवून. कॅप्टन म्हणाला, ‘‘कोण? तो? गावाला गेला.’’ सुट्टीवर गेला की काढून टाकला, हे मी विचारलं नाही. विचारता आलं असतं. इतकी वर्षं मी घरात सांगत आले, ‘चौकशी केली, तो गावी गेला होता,’ आणि ते अशा सुरात सांगत आले की सगळं मिटलंय असं वाटावं.

त्या वेळची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, तुझ्या ताटात तुला न सांगता काही आलं, तू बोललीस, यात चूक कुठे? एवढं सहन करायचं तर सोडलंसच कशाला? तिचं खोटं नाही. ज्या मुक्या जनावरासाठी मी हे करते म्हणते, त्याची बाजू त्या टेबलावर माझ्याशिवाय कोण घेणार होतं? पण तिला विचारावंसं वाटतं, तुझा एवढा जीव त्या रेडकासाठी तुटला, मग हाताशी उभ्या असलेल्या पोराचा पगार कापताना तू ‘ठीक आहे’ कशी म्हणालीस? यावर ती गप्प बसते. मग थोड्या वेळाने म्हणते, ग्रेव्हीचा दोष माझा नव्हता. तोही खरंच नव्हता.

आता मी जाण्याआधी फोन करते, दुपारी चारच्या सुमाराला. तेव्हा जेवणाची गर्दी ओसरलेली असते, आतला माणूस बोलायला मोकळा असतो. ‘दूध आहे का’ विचारत नाही, ‘पांढरी ग्रेव्ही पडते का’ विचारते. उत्तर देणाऱ्याचं नाव विचारून ठेवते. टेबलावर माझे प्रश्न त्यामुळे कमी झालेत. अजून जे उरलेत ते तुम्हाला खटकतात, हे मला दिसतं.

आणि एक कबूल करते. त्या बढतीच्या जेवणात, घरून का नाही येत हे तुम्ही विचारल्यावर, माझी डाळ आली तेव्हा तिच्यावर तुपाचा तवंग होता. वास ओळखीचा होता. वाढणारा माणूस पन्नाशीचा, दिवसभर उभा राहून पाय सुजलेला. मी खाल्ली ती डाळ. काही बोलले नाही. घरी येऊन अंथरुणात पडून राहिले, झोप लागली नाही. ते त्या माणसासाठी केलं, की तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होतात म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही. ‘बघ, चालतं ना एक दिवस’ असं कृपा करून म्हणू नका. चाललेलं नाही.

बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आलंय. दादाचं म्हणणं, त्याच हॉटेलात करू, हॉल मोठा आहे, बासुंदी आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, ‘‘तिला विचारा.’’ मी हो म्हटलंय. काल दुपारी चार वाजता फोन केला. व्हेज कोल्हापुरीत पांढरी ग्रेव्ही पडते का विचारलं. पलीकडचा म्हणाला, ‘‘हो, पण तुमच्यापुरती वेगळी करून देऊ, आदल्या दिवशी सांगा.’’ मी त्याचं नाव लिहून घेतलं. मग त्याला त्या पोराबद्दल विचारायचं होतं. २०१९ला होता, लातूरकडचा असावा, एवढंच मला सांगता आलं असतं. तो ‘‘अजून काही?’’ म्हणाला, आणि मी नाही म्हणून फोन ठेवला.