मुंबई विद्यापीठात कोणतं काम कुणाकडे?

मुंबई विद्यापीठात प्रवेश घेतला म्हणजे नेमका कुठे घेतला, हे बऱ्याच मुलांना टीवायपर्यंत, म्हणजे तिसऱ्या वर्षापर्यंत उलगडत नाही. रोज जायचं ते कॉलेजात. मार्कशीटवर नाव विद्यापीठाचं. फॉर्म भरायचा तो पोर्टलवर. आणि काही अडलं की सगळे म्हणतात, 'कलिन्याला जा', म्हणजे विद्यापीठाच्या कलिना संकुलात. निम्मे हेलपाटे इथेच होतात, कारण जे काम कॉलेजच्या ऑफिसात व्हायचं असतं त्यासाठी मुलं कलिन्याला जातात आणि जे कलिन्यालाच होतं त्यासाठी महिनाभर कॉलेजच्या खिडकीशी उभी राहतात.

विद्यापीठाचा पसारा मोठा आहे. १८५७ साली स्थापना झाली. आज मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. चर्चगेटचा मुलगा आणि सावंतवाडीची मुलगी टीवायला एकाच वेळी एकच पेपर सोडवतात. चर्चगेटच्या मुलाला कलिन्याची फेरी म्हणजे अर्धा दिवस, सावंतवाडीच्या मुलीला ट्रेनमधली एक अख्खी रात्र. म्हणून कुठलंही काम कुठे होतं हे आधी विचारून मगच निघायचं.

पहिला प्रश्न असा: तुमचं कॉलेज खरंच मुंबई विद्यापीठाचं आहे का? हल्ली हे तपासावं लागतं. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, केसी आणि एचआर एचएसएनसी विद्यापीठात. तिथल्या विद्यार्थ्याचं कलिन्याला काही काम नाही. झेवियर्स, रुईया, मिठीबाई, जयहिंद ही कॉलेजं स्वायत्त आहेत, म्हणजे पदवी मुंबई विद्यापीठाची, पण अभ्यासक्रम, पेपर, तपासणी आणि निकाल कॉलेजचा. मार्क चुकले तर तिथल्या परीक्षा विभागातच दाद मागायची.

राहिली साधी संलग्न कॉलेजं, म्हणजे बहुसंख्य मुलं. बीए, बीकॉम, बीएस्सीला एफवाय आणि एसवायच्या (पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या) चार सेमिस्टरच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने कॉलेजच घेतं. पेपर कॉलेजात तपासले जातात, निकालही कॉलेज लावतं. सेमिस्टर पाच आणि सहा मात्र विद्यापीठाच्या. तिथे सीट नंबर विद्यापीठाचा, परीक्षा केंद्र दुसरंच एखादं कॉलेज असू शकतं, आणि निकालाची जबाबदारी कलिना संकुलातल्या परीक्षा विभागाची, म्हणजे महात्मा जोतीराव फुले भवनाची. इंजिनीअरिंग, लॉ यांची गणितं वेगळी आहेत, ती आपापल्या सर्क्युलरमध्ये पाहावीत. पण एफवायचे इंटर्नलचे मार्क चढले नाहीत म्हणून कलिन्याला गेलात, तर तिथून परत कॉलेजातच पाठवतील, आणि ते बरोबरच आहे.

इंटर्नलबद्दल सांगायलाच हवं, कारण हुशार मुलं इथेच घसरतात. ६०–४० च्या पॅटर्नमध्ये पासिंग दोन्हीकडे वेगळं असतं: लेखीत ६० पैकी २४ आणि इंटर्नलमध्ये ४० पैकी १६. लेखीत ५० मिळाले तरी इंटर्नलला १५ असतील तर तो विषय राहिला. दोन क्रेडिटच्या, म्हणजे ५० मार्कांच्या विषयात ३० पैकी १२ आणि २० पैकी ८. असाइनमेंट उशिरा देणं, प्रेझेंटेशनच्या दिवशी गैरहजर राहणं, हे चालून जाईल असं वाटतं. नाही चालत. आजारपणामुळे चुकलंच तर डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. सेमिस्टर संपल्यावर दिलेला अर्ज कुणी हातात घेत नाही, कारण तोवर मार्क पोर्टलवर भरून झालेले असतात आणि एंट्रीची लिंक बंद झालेली असते. हजेरीचंही तेच. ७५ टक्क्यांचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो, पण डिफॉल्टर लिस्ट लागल्यावर पालकांना घेऊन धावाधाव होते. स्पोर्ट्स, एनएसएस, एनसीसी किंवा युवा महोत्सवाच्या तालमींमुळे बुडालेल्या लेक्चरचं पत्र त्या-त्या महिन्यात त्या शिक्षकांकडून सहीनिशी घेऊन ठेवा. मार्चमध्ये ऑगस्टची सही मागायला गेलात तर त्या शिक्षकांनाही आठवत नाही.

२०२४–२५ पासून संलग्न कॉलेजांत एफवायला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात एका सेमिस्टरला २२ क्रेडिट, वर्षाला ४४, तीन वर्षांचे १३२ असा हिशेब आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (शाखेबाहेरचा निवडीचा विषय), स्किलचे कोर्स असे तुकडे पाहून गोंधळायला होतं. सगळ्यात दुर्लक्ष होतं ते ओपन इलेक्टिव्हकडे, 'दोनच क्रेडिट आहेत' म्हणून. पण ते दोन क्रेडिट मिळाल्याशिवाय बेरीज १३२ होत नाही. क्रेडिट जमा होतात ते एबीसी, म्हणजे अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात, आणि ते खातं आधारवरच्या नावाने उघडतं. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा एकीकडे आईचं नाव आणि दुसरीकडे नाही, अशी तफावत असेल तर ती एफवायच्या पहिल्याच महिन्यात कॉलेज ऑफिसात दाखवा. तेव्हा ते एका अर्जाचं काम असतं. टीवायला तेच काम सहा मार्कशीट बदलण्याचं होतं.

आता केटी किंवा एटीकेटी, म्हणजे मागे राहिलेले विषय. जुन्या सेमिस्टर पॅटर्नमध्ये एफवायच्या केटी घेऊन एसवायला जाता येतं, पण पाचव्या सेमिस्टरला प्रवेश घेताना चक्र आवळतं: एफवायची दोन्ही सेमिस्टर सुटलेली (म्हणजे पास झालेली) आणि एसवायला एटीकेटी, किंवा एसवाय पूर्ण सुटलेली आणि एफवायला एटीकेटी. दोन्ही वर्षांच्या केटी एकदम घेऊन टीवायला जाता येत नाही. आणि सहाव्या सेमिस्टरचा पेपर कितीही छान गेला तरी मागचं एक जरी सेमिस्टर अडकलेलं असेल तर निकाल राखून ठेवतात. गॅझेटमध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या निकालपत्रकात, नावासमोर मार्क दिसतात आणि शेवटी 'आरएलई' लिहिलेलं असतं, म्हणजे खालच्या परीक्षेमुळे निकाल राखीव. मुलं घाबरतात, नापास झालो समजतात. आरएलई म्हणजे नापास नव्हे. बऱ्याचदा केटी सुटलेलीही असते, फक्त कॉलेजने चौथ्या सेमिस्टरचा सुधारित निकाल विद्यापीठाकडे पाठवलेला नसतो. अशा वेळी आधी कॉलेजच्या परीक्षा विभागात जा, केटी सुटल्याची मार्कशीट दाखवा आणि निकाल कलिन्याला कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला ते लिहून घ्या. तो क्रमांक हातात असेल तरच फुले भवनात बोलणं पुढे सरकतं.

क्रमांकाचं महत्त्व इथे शिकून घ्यावं, कारण या विद्यापीठात तोंडी सांगितलेलं टिकत नाही. माणसं वाईट म्हणून नव्हे. खिडकीमागच्या काकांसमोर रोज शेकडो अर्ज येतात, दुपारी त्यांच्या जागी दुसरं कुणी बसतं. म्हणून प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. अर्जात वर ठळक चार गोष्टी लिहा: पूर्ण नाव मार्कशीटवर आहे तसं, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), सीट नंबर, परीक्षा आणि तिचा महिना-वर्ष. मग मुद्दा दोन ओळींत. 'माझ्या निकालात चूक आहे' असं लिहिलेला अर्ज पडून राहतो. 'सेमिस्टर पाच, अमुक विषय, लेखी परीक्षेला हजर असूनही गैरहजर दाखवलं आहे, हॉल तिकिटावर पर्यवेक्षकांची सही आहे, प्रत सोबत' असा अर्ज पुढच्या टेबलावर जातो. म्हणूनच सही झालेलं हॉल तिकीट पदवी हातात पडेपर्यंत जपायचं.

हजर असून गैरहजर दिसण्यामागे साधी कारणं असतात. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर सीट नंबर आकड्यांत एक आणि अक्षरांत दुसराच पडतो, बारकोडचं स्टिकर भलत्या जागी लागतं, किंवा ब्लॉकमधल्या हजेरीपत्रकावर उत्तरपत्रिकेचा नंबर लिहिताना एक आकडा इकडचा तिकडे होतो. पहिली पाच मिनिटं लिहायला सुरुवात करू नका, ते पान भरा आणि हजेरीपत्रकावर सही करताना तिथला नंबर आपल्या उत्तरपत्रिकेशी ताडून पाहा. पुरवणी घेतली तर पहिल्या पानावर पुरवण्यांची संख्या लिहा आणि दोरा घट्ट बांधा. आता विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका स्कॅन होऊन संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात. सुटलेली पुरवणी स्कॅनच झाली नाही तर तपासणाऱ्यासमोर तुमचं उत्तर अर्धंच येतं.

ही ऑनस्क्रीन तपासणी २०१७ मध्ये घाईघाईने आणली तेव्हा काय झालं ते त्या बॅचला चांगलंच आठवत असेल. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही उलटली, परदेशी किंवा दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेणारी मुलं निकालाविना अडकली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. तंत्र वाईट नव्हतं. आधी तयारी न करता लाखो उत्तरपत्रिका त्यात ढकलल्या, हे वाईट झालं, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. त्यातून विद्यार्थ्याने घ्यायचं ते एवढंच की पुढच्या प्रवेशाची तारीख ठरवताना निकाल वेळेत लागेलच असं धरून चालू नये. जिथे प्रवेश घ्यायचा तिथे हंगामी प्रवेश मिळतो का, हे आधीच विचारून ठेवावं.

निकाल अपेक्षेपेक्षा कमी लागला तर तीन वाटा आहेत आणि त्यांची गल्लत होते. फोटोकॉपी म्हणजे आपल्या उत्तरपत्रिकेची प्रत. पडताळणी म्हणजे बेरीज बरोबर आहे का आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच पाहणं. पुनर्मूल्यांकन म्हणजे दुसऱ्या परीक्षकाने नव्याने तपासणं. घाईने थेट पुनर्मूल्यांकनाला पैसे भरण्याआधी फोटोकॉपी मागवा. पानं मोजा, पुरवण्या मोजा, प्रत्येक उपप्रश्नाचे मार्क कागदावर मांडून स्वतः बेरीज करा, मग त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवा. अर्जाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, मार्कशीट हातात आल्यापासून नव्हे. इथे बऱ्याच जणांची मुदत हुकते. एकेका मार्कासाठी भांडावं का? काही ठिकाणी नक्कीच. ६९ आणि ७० मध्ये ग्रेड बदलते. चार क्रेडिटच्या विषयात ग्रेड पॉइंट एकाने वाढला तर २२ क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये एसजीपीआय (सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) ०.१८ ने वर जातो. ६४ चे ६५ झाले तर मात्र ग्रेड तीच राहते, मग त्यापायी पैसे आणि झोप घालवू नये.

राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीचं काम विद्यापीठाकडे नसतंच, ते महाडीबीटी पोर्टलवर होतं. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून संबंधित विभागाकडे. 'सबमिट' दिसलं म्हणजे झालं असं नव्हे. कॉलेजच्या लॉगिनमधून अर्ज त्रुटीसाठी परत आला तर तो तुमच्या खात्यात गुपचूप पडून राहतो, म्हणून आठवड्याला एकदा लॉगिन करून पाहा. पैसे अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण बँकेत सापडतं: खात्याला आधार जोडलेलं असतं, पण थेट लाभासाठी (डीबीटी) एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, ते मॅप झालेलं नसतं. बँकेत जाऊन 'आधार लिंक आहे का' असं विचारलं तर 'हो' म्हणतील. विचारायचं ते असं: 'डीबीटीसाठी हे खातं एनपीसीआयला सीड आहे का?' आणि नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो.

रेल्वे पासच्या कॉन्सेशनचं थोडक्यात. फॉर्म कॉलेजच्या ठरावीक वेळेतच मिळतो, त्यावर घराजवळचं स्टेशन आणि कॉलेजचं स्टेशन असतं, आणि खाडाखोड असेल तर तिकीट खिडकीवरून परत पाठवतात. तारीख किंवा वय चुकलं तर तिथेच खोडू नका, नवा फॉर्म मागा. फॉर्म थोडेच दिवस चालतो, तेव्हा हातात आला की पास काढून टाका. तीन महिन्यांचा पास घेतला तर कॉलेजच्या खिडकीवरच्या रांगेतून तेवढीच सुटका. टीवायचं केंद्र दुसऱ्याच लाइनवर आलं तर तो पास तिथे चालत नाही, त्या दिवसांचं तिकीट वेगळं धरा, आणि केंद्र एकदा आदल्या दिवशी पाहून या. पावसाळ्यात पेपर पुढे ढकलल्याचे मेसेज व्हॉट्सअपवर सकाळीच फिरू लागतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर परिपत्रक दिसत नाही तोवर पेपर आहे असंच समजून घराबाहेर पडा.

शेवटचा टप्पा टीवायनंतरचा. एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) मिळताच तिच्या चार-पाच झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन करून ठेवा, कारण मूळ प्रत पुढच्या कॉलेजात जमा होते आणि परत येत नाही. दुसऱ्या विद्यापीठात जाणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल, ते विद्यापीठ देतं, कॉलेज नव्हे. परदेशासाठी ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या मार्कांचा अधिकृत उतारा) काढायचं तर सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट जोडाव्या लागतात, तेव्हा केटीची मार्कशीट लाज वाटते म्हणून फाडून टाकू नका. तिची दुय्यम प्रत काढायला नवा अर्ज, नवी फी आणि कलिन्याची आणखी एक फेरी लागते.